आमच्या एडिटर मॅडमना, अगदी मनापासून थँक यू

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला चारचौघांत कौतुक केलेलं आवडत नाही हे माहितीये, म्हणून नाव लिहीत नाहीये, पण लिहिल्याशिवाय राहवत पण नाहीये. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात आमच्यासारखी किती तरी मुलंमुली मशीनची मॅन्युअल लिहितात, तपासतात, आणि त्यातल्या बहुतेकांना हे काम कुणी शेजारी बसवून शिकवलेलं नसतं, "तुझं इंग्लिश चांगलं आहे ना, मग एडिटिंग तू बघ" एवढ्यावर खुर्ची मिळते. मला तुम्ही मिळालात.

रबाळे एमआयडीसीतल्या त्या पंपवाल्या क्लायंटकडे मला मुद्दाम घेऊन गेला होतात ते आठवतंय? ड्राफ्ट क्लायंटच्याच इंजिनिअरने लिहिलेला होता, भाषा तपासून झाली होती, एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. तुम्ही प्रिंट काढून थेट खाली शॉप फ्लोअरवर नेलीत आणि मेन्टेनन्सच्या फिटरदादांना म्हणालात, दादा, हे मोठ्याने वाचा आणि वाचाल तसं या बंद पंपावर करून दाखवा. दादा एकेक ओळ वाचून हेल्परला मराठीत सांगत होते आणि हात चालूच. "ड्रेन प्लग काढा" म्हटल्यावर पाना प्लगला लागला सुद्धा, आणि मग खालच्या चौकटीत वॉर्निंग आली की प्लग काढण्याआधी केसिंगमधलं प्रेशर शून्य आहे याची खात्री करा. पंप बंद होता म्हणून ठीक, चालू लाइनवर गरम पाणी अंगावर आलं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पेन्सिलीने ती चौकट उचलून स्टेपच्या वर नेणारा बाण काढलात आणि दादांना म्हणालात, पुढचं वाचा. मॅन्युअल वाचणारा माणूस आधी पूर्ण पान वाचून मग हात लावत नाही, वाचता वाचता करतो, त्यामुळे वॉर्निंग कायम कृतीच्या आधी, हे मला त्या दिवशी जे कळलं ते कुठल्याही ट्रेनिंगच्या पीपीटीतून कळलं नसतं.

ऑफिसात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही शिकवलेली लेव्हल्स ऑफ एडिट. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट व्हॅन ब्यूरेन आणि मेरी फ्रॅन ब्यूलर या दोघांनी १९७६ मध्ये एडिटिंगचे नऊ प्रकार आणि पाच लेव्हल वेगळे करून मांडले हे तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी मॅनेजर "जरा एकदा बघून दे" म्हणायचे आणि त्या "बघून" मध्ये स्पेलिंगपासून अख्खं चॅप्टर नव्याने लावण्यापर्यंत काहीही यायचं. आता मी सरळ विचारते, उद्या सकाळी हवंय ना, मग टेबल आणि आकृत्यांचे नंबर जुळतात का, सांगितलेलं सेक्शन खरंच तिथे आहे का, एवढं तपासून मिळेल, भाषा सुधारून हवी असेल तर आणखी दोन दिवस लागतील. कामाला नाव असलं की वेळ मागता येतो. आणि एका वाचनात एकच गोष्ट बघायची ही तुमची सवय, एकदा फक्त आकडे, एकदा फक्त क्रॉस रेफरन्स, एकदा भाषा, वेळखाऊ वाटते पण खरंच तसंच केलं पाहिजे, कारण वाक्य छान करण्यात डोकं अडकलं की टेबलमधला ४५ आणि स्टेपमधला ५४ शेजारी असूनही दिसत नाहीत.

युनिटच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात! मिलीचा लहान एम आणि मेगाचा मोठा एम, फरक एका शिफ्ट कीचा पण आकड्यात शंभर कोटी पटींचा, म्हणून युनिटला हात लावताना ऑटो रिप्लेस अजिबात नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापर्यंत पोचून गमावलं, कारण एका टीमच्या सॉफ्टवेअरचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात होते आणि दुसरीकडे ते न्यूटन सेकंद धरले गेले, हे तुम्ही कोपरखैरणेहून लोकलमध्ये उभ्या उभ्या सांगितलंत, ठाणं येईपर्यंत.

आणि इंजिनिअरला क्वेरी कशी लिहायची ते. "हे चुकलंय" असं लिहायचं नाही. "टेबल ४ मध्ये टॉर्क ४५ न्यूटन मीटर आहे, स्टेप ७ मध्ये ५४ आहे, कुठला ठेवू?" असं लिहायचं, म्हणजे समोरच्याला फक्त आकडा सांगायचा असतो, स्वतःचा बचाव करायचा नसतो. आपल्याला बरोबर आकडा कुठला याचा अंदाज असला तरी तो परस्पर बदलायचा नाही, हे तर तुम्ही शंभरदा बजावलंत. आमच्याकडचे सगळ्यात तिरसट सिनिअर इंजिनिअर आता माझ्या क्वेरीची उत्तरं त्याच दिवशी देतात, याचं क्रेडिट पूर्ण तुमचं.

सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, टेक्निकल लेखक आणि एडिटर लोकांची १९५३ पासूनची अमेरिकेतली एवढी मोठी संस्था, जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली तेव्हा मी खूप अस्वस्थ होते, आता शिकायचं कुठे, सर्टिफिकेट कुणाचं घ्यायचं. तुम्ही रिटायर झालेल्या, तुम्हाला काय पडलं होतं? पण तुमचाच फोन आला, नौपाड्यात घरी या, चार जण आणा, येताना प्रत्येकाने आपल्या कामातलं एक पान आणा, क्लायंटचं नाव खोडून. त्या बैठकीत विमानांच्या मेन्टेनन्ससाठी बनवलेल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशचे नियम लावून पाहिले, सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहितीचं २५ चं, एका वाक्यात शक्यतो एकच सूचना, आणि ऐरोलीच्या त्या मुलाचं अर्ध्या पानाचं एक वाक्य सुटून सात स्टेप झाल्या. तो आजही ते पान दाखवतो सगळ्यांना. या सगळ्याचे तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, वर पोहे आणि चहा तुमचाच.

मॅडम, माझा पगार वाढला, लीड झाले, ते आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे आपण करतो ते काम फालतू नाहीये हे तुमच्यामुळे मनात पक्कं बसलं, आणि त्यासाठी मी तुमची कायम ऋणी आहे.

पुढची बैठक या वेळी माझ्याकडे, घणसोलीला, रविवारी अकरा वाजता. विषय टेबल कसे तपासायचे. तुम्ही यायचंच, घ्यायला मी येते, आणि पोहे या वेळी माझ्या घरचे.

तुमचीच,
महाप्याची विद्यार्थिनी