लॅपटॉप न उघडणाऱ्या दादांना

सीताबर्डीच्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक असलं की तुम्ही फोन उचलत नाही आणि गिऱ्हाईक तर नेहमीच असतं, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण लॅपटॉपच्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, ही माझी तक्रार घरी बसून आवाज रेकॉर्ड करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांचीही आहे. तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. तुमचं आणि दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. त्या अरुंद जिन्यावर आणखी गर्दी झाली तर तुम्ही मलाच बोल लावाल.

पहिले आभार लॅपटॉप न उघडल्याबद्दल. मी आले तेव्हा पंखा बदलायचा किंवा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन लावायची, असं घरूनच ठरवून आले होते आणि पैसेही घेऊन आले होते. तुम्ही स्क्रू काढले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. तुम्ही आधी विचारलंत, "वॉरंटी आहे ना? मग मी हात नाही लावत." आणि मग विचारलंत, "ताई, तुम्ही याच्यावर करता काय?"

हा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एका मुलाने मशीन कानाशी धरून "हे नॉर्मल आहे मॅडम, पॉवरफुल मशीन आहे" असं सांगून परत दिलं होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आता कळतं. पण त्या उत्तराने माझ्या रेकॉर्डिंगमधली घरघर थोडीच जाणार होती!

मी शाळेच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवते. चित्रं हलवायची, रेंडर करायचं म्हणजे त्यांचा पक्का व्हिडिओ बनवून घ्यायचा, तेही याच लॅपटॉपवर, आणि समोर माइक ठेवून धडा वाचायचा तोही याच लॅपटॉपवर. पहिल्या कामाला ताकद लागते, दुसऱ्याला शांतता. ताकद हवी म्हणून वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं मशीन घेतलं आणि शांतता गेली. त्यात नागपूरचा मे. रेकॉर्डिंग करायचं तर कूलर बंद, खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. म्हणजे जी खोली आधीच तापलेली, ती आणखी तापणार आणि मशीनचा पंखा त्या हिशोबाने आणखी ओरडणार. ब्राउझरची एक खिडकी उघडली तरी झूंऽऽ, मग दहा-पंधरा सेकंदांत शांत, की पुन्हा झूंऽऽ. सलग आवाज एकवेळ परवडला असता. ही चढउतार जीव खायची.

तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे कुठलं काम मशीनची किती ताकद खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून बराच वेळ नुसतं बघत बसलात. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही थांबवलंत. मग एका जुन्या बिलाच्या पाठीमागे आलेख काढून समजावलंत. माझ्या प्रोसेसरवर, म्हणजे मशीनच्या मुख्य चिपवर, ४५ वॅट लिहिलंय, पण तो आकडा बराच वेळ चालणाऱ्या कामाचा. थोड्या वेळासाठी तोच प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत उडी मारू शकतो. मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, उडी ५ पर्यंत. मी फाइल उघडली, की तिला खरं तर एवढ्या वेगाची गरज नसते, तरी प्रोसेसर क्षणभर सगळी ताकद लावतो. चिप एवढीशी, उष्णता एकदम एका जागी, त्यामुळे तापमान सेकंदाभरात नव्वदीला जातं. पंख्याला तेवढंच दिसतं आणि तो धावतो. तोवर काम संपलेलं असतं, चिप थंड झालेली असते, पंखा मात्र अजून धावतोय. "नवशिका माणूस वर्धा रोडवर एकदा रेस, एकदा ब्रेक दाबते, तसं चाललंय हे," असं तुम्ही म्हणालात आणि मागे उभा असलेला मुलगाही हसला. "पंखा नाही बदलवायचा ताई. तो त्याचं काम करून राहिला. त्याचं काम कमी करायचं."

घरी येऊन मी यावर थोडं वाचलं, कारण तुमच्या बोलण्यात "वेग जरासा उतरवला की आवाज फार उतरतो" असं एक वाक्य होतं आणि ते मला पटत नव्हतं. पटलं. पंखा किती हवा ढकलतो ते त्याच्या वेगाच्या प्रमाणात असतं, पण त्याच्या आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर हवा २० टक्क्यांनीच कमी होते, आवाज मात्र सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला तर १५ डेसिबल. प्रोसेसरच्या बाजूलाही तसंच: वीज वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबरही, आणि शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणजे सगळ्यात वरचा तुकडा सगळ्यात महाग. तो सोडला तर उष्णता खूप कमी होते, आणि उष्णता थोडी कमी झाली की आवाज खूप कमी होतो. तुम्ही हे आकडे न सांगता सांगितलं होतंत, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता तुम्ही केलंत ते लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यांना करून बघता येईल. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची जास्तीत जास्त मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे वर सांगितलेली ती वेगाची उडी, बंद होते, हा जुना उपाय. माझ्या नव्या मशीनमध्ये तो रकाना दिसतच नव्हता. तुम्ही आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी'ची एक ओळ टाइप करून 'प्रोसेसर परफॉर्मन्स बूस्ट मोड' नावाचा लपवलेला पर्याय बाहेर काढलात आणि तिथे 'डिसेबल्ड' निवडलंत. मी दुकानातच चार गोष्टी उघडून पाहिल्या. पंखा उठलाच नाही. मला वाटलं बंदच पडला.

लगेच तुम्ही सांगितलंत की हे कायमचं ठेवू नका, नाहीतर एवढे पैसे कशाला घातले? म्हणून दोन पॉवर प्लॅन. एकाचं नाव तुम्ही 'आवाज' ठेवलंत, त्यात टर्बो बंद. दुसऱ्याचं 'रेंडर', त्यात सगळं मोकळं. धडा वाचताना पहिला, रात्री जेवण झाल्यावर दुसरा. रेंडरला लावून दार लावून घ्यायचं, मग ते किती का ओरडेना. टर्बो बंद ठेवून रेंडर केलं तर वेळ चांगलाच जास्त लागतो, हे मी करून पाहिलं. पण वाचणं, लिहिणं, आवाज कापणं-जोडणं यात मला तरी फरक जाणवत नाही.

मॉनिटरची गोष्ट तर मला कधीच सापडली नसती. मी घरी मोठा मॉनिटर एचडीएमआयच्या तारेने जोडते असं बोलता बोलता निघालं, आणि तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. अशा बऱ्याच मशीनमध्ये ते एचडीएमआयचं भोक थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं. तार लागली की ते कार्ड झोपूच शकत नाही, पडद्यावर नुसता कोरा कागद असला तरी. माझ्याच मशीनच्या टाइप-सी भोकातून जाणारं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडून येतं, हे तुम्ही तिथल्या तिथे जोडून दाखवलंत. प्रत्येक मॉडेलमध्ये ही जोडणी वेगळी असते, म्हणून तार बदलायची आणि ग्राफिक्स कार्ड झोपतं का ते टास्क मॅनेजरमध्ये बघायचं, एवढंच इतरांना सांगते. माझ्या घरातला निम्मा आवाज त्या एका तारेचा होता, असं मला अजूनही वाटतं.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही जे बोललात त्यात खोटा धीर नव्हता. चिपची वरची मर्यादा १०० अंश. खोली २५ अंशांवर असेल तर मधे ७५ अंशांचं अंतर मिळतं, खोली ४० वर गेली की ६०. म्हणजे पंखा तेवढाच फिरला तरी पाचवा हिस्सा उष्णता कमी बाहेर जाणार. तो फरक भरून काढायचा तर पंख्याने जास्त फिरायचं किंवा प्रोसेसरने कमी जेवायचं. बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश दिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याने आमच्या गच्चीखालच्या खोलीत मे महिन्याची एक दुपार काढावी! म्हणून मी आता उन्हाळ्यात सकाळी लवकर वाचते. आणि कूलरची हवा थेट मशीनवर सोडायची नाही, हा तुमचा दम लक्षात आहे. ती हवा गार असते तशी ओलसरही असते.

कूलिंग पॅड घ्यायला तुम्ही दिलं नाहीत. "एक पंखा ओरडून राहिला म्हणून दुसरे दोन आणता का?" मागच्या बाजूला खाली दोन लाकडी पट्ट्या लावायला सांगितल्या, कारण हवा आत घ्यायच्या फटी तळाला आहेत आणि मी मशीन मऊ टेबलक्लॉथवर ठेवत होते. त्या पट्ट्या सुताराच्या दुकानातून फुकट मिळाल्या. व्होल्टेज कमी करायच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात, त्याबद्दल मी विचारलं तर म्हणालात की २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यापासून कितीतरी मशीनमध्ये ते दार बंदच केलंय, आणि बायोसशी, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरशी, झटापट करून ते उघडायचं काम तुम्ही वॉरंटीतल्या मशीनवर करणार नाही. विषय संपला.

माइकचं मात्र तुमचं क्षेत्र नाही, तरी एका वाक्याने तुम्ही मला वाट दाखवलीत: "आवाज तेवढाच राहू द्या, पण तो सारखा राहू द्या." ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी नुसत्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो, मग ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढी घरघर वजा करतं. पंखा चढत-उतरत असेल तर पहिल्या मिनिटाचा नमुना पाचव्या मिनिटाला लागूच पडत नाही, आणि जोर लावून साफ करायला गेलं की शब्दांच्या कडा खरवडल्या जातात, 'स' आणि 'श' तर पार जातात. आता 'आवाज' प्लॅनमध्ये पंखा हळू पण एकाच वेगाने फिरतो, ती बारीक घरघर एका फटक्यात जाते. शिवाय माझा माइक समोरचं ऐकणारा आहे, त्याच्या पाठीमागून येणारा आवाज तो सगळ्यात कमी घेतो. म्हणून लॅपटॉप माइकच्या बरोबर मागे, हाताला पुरेल तेवढ्या लांब. हे मी शोधलं, पण सुरुवात तुमच्यामुळे.

शेवटी पैशांचं. मी पाकीट काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काहीच तर नाही केलं मी, काऊन पैसे देता?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा चार्जर हातात घेतलात. दादा, अर्धा-पाऊण तास तुम्ही माझं मशीन वाचत होतात. पंखा बदलण्याचे पैसे घेता येतात आणि पंखा बदलायची गरज नाही हे शोधण्याचे घेता येत नाहीत, हा हिशोब मला मान्य नाही. दुकानाचं भाडं तर दोन्हींच्या वेळेला सारखंच लागतं. माझ्या ओळखीच्या दोघींना तुमच्याकडे पाठवलं आहे, त्यांना आधीच सांगून ठेवलंय की तपासणीचे पैसे टेबलावर ठेवायचे आणि जिना उतरायला लागायचं. तुम्ही चार्जर सोडून मागे येणार नाही, एवढी खात्री आहे.

वॉरंटी संपली की धूळ काढायला मी येईनच. आमच्या गल्लीत बांधकाम चालू आहे, त्यामुळे फटींमध्ये काय साठलं असेल ते दिसतंच आहे. तोवर एक शंका. पंखा अगदी थांबलेला असतानाही, पडद्यावर पान वर-खाली सरकवलं की मशीनमधून बारीक 'चींऽऽ' असा आवाज येतो. तो आतल्या विजेच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, असतो आणि पंख्याच्या सेटिंगने जात नाही, इथवर वाचून कळलंय. मशीनला त्याने धोका नसतो असंही वाचलं. पण रात्रीच्या शांततेत तो माइकमध्ये येतो. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं तर कमी होईल का? सवडीने सांगा. फोन उचलणार नाहीच, तर मी शनिवारी दुपारी गर्दी कमी असताना येऊन विचारते.

आपली,
एक गिऱ्हाईक, नागपूर