बाबा, कोर्टात भांडायचं नाही

पुणे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांचा आवाज चढतो, मग आई रडते आणि बोलायचं तेच राहून जातं. म्हणून लिहितेय.

बाबा, घटस्फोटासाठी तुम्हाला माझ्या नवऱ्याला सांगलीच्या कोर्टात खेचायचंय. लग्न सांगलीत झालं, त्यामुळे अर्ज तिथे करता येतो, हे तुमचं बरोबर आहे. पण एकतर्फी अर्ज केला की हिंदू विवाह कायद्यातलं एखादं कारण पुराव्याने सिद्ध करावं लागतं. छळ, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं, अशी कारणं. त्याने यातलं काहीच केलेलं नाही. आमचं पटत नाही, एवढंच. आणि ‘पटत नाही’ हे कारण त्या यादीत नाही. पार मोडलेल्या संसारात आपण घटस्फोट देऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने 2023 साली म्हटलं खरं, पण तो त्यांचा विशेष अधिकार. सांगलीच्या न्यायाधीशांना तो नाही.

म्हणजे मला छळाच्या गोष्टी रचाव्या लागणार. त्यावर तो कैफियत, म्हणजे लेखी उत्तर देणार, तीत माझ्याबद्दल काहीबाही. तारखा पडत राहणार. आई साक्षीला उभी राहिली की त्याचा वकील विचारणार, जावई दिवाळसणाला आले तेव्हा सगळं छान होतं ना? आणि आई ‘हो’ म्हणणार. भाजीवालीशीसुद्धा तिला खोटं बोलता येत नाही! एवढं करून निकाल लागला, तरी वर अपील आहेच.

संमतीने केलं तर कारण द्यावं लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. त्यानंतर सहा महिने थांबायचं असतं; पण आम्ही दीड वर्षाहून जास्त वेगळे आहोत आणि देण्याघेण्याचं ठरलंय, अशा वेळी ती मुदत माफ करायची विनंती करता येते. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालाने ती वाट मोकळी झाली. माफ करायची की नाही, हे मात्र न्यायाधीश ठरवतील.

तो ऐनवेळी फिरला तर, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. म्हणूनच अटी लेखी करतोय आणि दागिने आधी हातात घेणार आहे. पोटगी मी मागत नाही. माझा पगार मला पुरतो, यावर आता वाद नको.

आई, लोकांचं म्हणशील तर ही सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिथलं काही छापायला कायद्याने बंदी आहे. विश्रामबागेत जे कळायचं ते तसंही मावशीकडून कळलेलंच आहे.

काकांना मध्यस्थीला पाठवू नका. लग्नपत्रिका आणि दोघांचा एक फोटो कुरिअरने पाठवा. दागिन्यांची यादी आईनेच करावी, कुठलं कुणी घातलं ते तिलाच ठाऊक.

तुमची,
ताई