दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना

काका, सा. न.

जिन्यात भेटलात की तुम्ही मला आभार मानूच देत नाही. "पाणी आलं का वर?" म्हणून विषय उडवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, आता निसटून दाखवा.

त्या रविवारी दारात तुम्हाला बघितलं आणि मी मनातल्या मनात माफी जुळवायला लागले. माझ्या बास गिटारचा आवाज स्लॅबमधून खाली उतरतो, हे सोसायटीच्या ग्रुपवर मला पुरेसं ऐकवून झालं होतं. तुम्ही चपला काढल्यात आणि म्हणालात, "तीन महिने ऐकतोय. सूर चुकत नाहीत गं तुझे. पण लग्न असो की मयत, तू एकाच आवाजात बोलतेस."

खरं सांगू? दोन वर्षं मला हेच खुपत होतं. क्लासमधल्या सरांना विचारलं तर म्हणाले, एवढ्या स्वस्त बासमधून एवढंच निघणार. दुकानातल्या माणसाने आधी "मुलासाठी बघताय का मॅडम?" विचारलं, मग आवाज बदलायची पायाने दाबायची पेडल विकली: आधी कंप्रेसर, मग इक्वलायझर, मग ओव्हरड्राइव्ह. 21 हजार रुपये जमिनीवर ओळीने मांडले आणि आवाज होता तसाच. ग्रुपमधला गिटारवाला तर म्हणाला, "बास कोणाला ऐकू येतो?" माझा उजवा हात कुठे पडतो, हे मात्र एकानेही वाकून पाहिलं नाही.

तुम्ही वाकलात. शब्दशः. आधी अ‍ॅम्प बंद केलात. मला वाटलं, आता बास मागणार आणि चार चमकदार तुकडे वाजवून दाखवणार. सगळे तेच करतात. तुम्ही हातच लावला नाही. गुडघ्यावर तळवा ठेवून, "आई गं" म्हणत खाली झालात आणि खुंट्यांशेजारच्या लाकडाला कान टेकलात. बहात्तर वर्षांचा माणूस, ज्याने उभी हयात ऑर्केस्ट्रात बास वाजवला, तो माझ्या सेकंडहँड बासला कान लावून डोळे मिटून उभा. "वाजव," म्हणालात. मी ए ची मोकळी तार, म्हणजे डावं बोट न दाबता, छेडली. "परत." परत. दहा मिनिटं तरी तुम्ही तसेच होतात. पाठ दुखली असणार.

बाकीचं त्यानंतर आलं. फ्रेटबोर्ड, म्हणजे डाव्या हाताने तारा दाबायची पट्टी, संपतो तिथपासून तारा अडकवलेल्या ब्रिजपर्यंत जागा जेमतेम सव्वा वीत, आणि मी दोन वर्षं त्यातल्या दोन बोटं रुंद जागेवर ठाण मांडून बसले होते. गळ्याकडे, म्हणजे फ्रेटबोर्डच्या बाजूला, तार छेडली की आवाज गोल, भरलेला. ब्रिजकडे सरकावं तसा तोच सूर आवळत जातो, कडक होतो, जरा नाकात बोलतो. तिथे सुराचा पाया कमी आणि वरचे बारीक स्वर जास्त हाती लागतात. बोटाचं पोट लावलं तर मऊ, टोक लावलं तर धारदार. तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून अंगठ्याने वाजवलं की सूर उमटतो न उमटतो तोच विझतो. तारा चार, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. मोकळ्या जी तारेचा सूर डी तारेवर पाचव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे पट्टीवरची आडवी धातूची रेघ), ए वर दहाव्या, ई वर पंधराव्या फ्रेटला. सूर एक आणि स्वभाव चार. तार जाड होत जाते तसा आवाज अंधारतो. आणि डावा हात सूर कुठे तोडतो, यावर निम्मं गाणं अवलंबून. हे तुम्ही म्हणालात तेव्हा मला पटलं नव्हतं. आता पटतं.

जाताना तुम्ही डेट्रॉइटच्या बासवादक जेम्स जेमर्सनबद्दल सांगितलंत: मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीची ती गाजलेली गाणी उजव्या हाताच्या एका तर्जनीवर, ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा, आणि तार तुटल्याशिवाय बदलायची नाही. संध्याकाळी तुमचा नातू वर आला, हातात भांडी घासायच्या नव्या स्पंजचा कापलेला तुकडा. "आजोबांनी दिलाय, तारांखाली सरकव म्हणाले." तो अजून तिथेच आहे. पिवळा. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो.

फी विचारली तर तुम्ही रागावलात, म्हणून तो विषय काढत नाही. पण काका, शिकवणारे खूप भेटतात. आधी ऐकून घेणारा माणूस भेटला की आपण एकदम लहान मुलासारखे सरळ बसतो. माझ्या ऑफिसातही असा एकच जण आहे, आणि तो शिपाई आहे. असो.

पेडल विकायला काढलेत. शनिवारी रात्री आठला मी ते संथ गाणं पूर्ण वाजवणार आहे. कडवी गळ्याकडे, ध्रुवपद ब्रिजकडे. तुमच्या छतातून काय पोचतंय तेवढं बघा. जमलं नाही तर झाडूच्या दांड्याने वर दोनदा ठोका. मी हात सरकवते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची