तुम्ही निकाल दिला नाहीत, म्हणून हे पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वादात मध्यस्थी केल्याबद्दल तुमचे आभार खासगीतही मानता आले असते. पण एकाच विभागात काम करून एकमेकांशी फक्त मेलवर बोलणारी माणसं जागोजागी आहेत. त्यांच्यासाठी हे उघडपणे लिहिते आहे. खोलीतलं बोलणं खोलीतच राहील असं ठरलं होतं, त्यामुळे इथे काय आणि किती सांगायचं हे मी आणि माझ्या सहकाऱ्याने मिळून ठरवलं आहे.

वाद पाळी बदलतानाच्या कामाचा होता. माझ्या पाळीत काही अर्धवट राहिलं की माझे सहकारी मला न विचारता थेट वरिष्ठांना मेल करायचे. मेल बंद व्हावेत, ही माझी मागणी. प्रत्येक गोष्ट लेखी मिळावी, ही त्यांची. वरिष्ठांनी दोनदा समज दिली, प्रत्येक वेळी एकाची बाजू वर आली आणि दुसरा आणखी कडू झाला.

तुम्ही आधी आम्हाला वेगवेगळं भेटलात. समोरच्याची भीती वाटते का, वरिष्ठांच्या दबावाखाली तर आला नाहीत ना, हे विचारलंत. कधीही उठून जाता येईल हेही सांगितलंत. छळाची किंवा मारहाणीची तक्रार असती तर तिला रीतसर चौकशीच लागली असती, तिथे मध्यस्थी लादणं हा तक्रारदारावर अन्याय ठरतो, हे तुम्ही स्पष्ट केलंत. त्या स्पष्टपणामुळेच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

एकत्र बैठकीत तुम्ही मला विचारलंत, "मेल बंद झाले, तर तुम्हाला नेमकं काय मिळेल?" या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हटलं, चारचौघांत पाणउतारा होणार नाही. मग तोच प्रश्न त्यांना. तेव्हा कळलं की पूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीचा ठपका त्यांच्यावर बसला होता आणि हातात पुरावा नव्हता. तेव्हापासून ते सगळं लेखी ठेवतात. त्या मेलांमागे मी कुठे नव्हतेच! हे कुठल्याही समज देण्याच्या बैठकीत बाहेर आलं नसतं, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःचा बचाव करत असतो.

नंतर या विषयावर वाचताना व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकी विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांचा १९२५ मधला एक दाखला सापडला. वाचनालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट येणारा वारा टळला. अर्धी खिडकी उघडली असती, तर दोघंही नाराज राहिले असते. आमच्या मागण्यांचंही तुम्ही असंच केलंत.

आम्ही दोघांनीही तुम्हाला गळ घातली होती, बरोबर कोण ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत. तेव्हा मला ते खटकलं, आज त्याचंच सर्वांत मोठं ऋण वाटतं. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ पासून कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी मध्यस्थी सुरू केली, तिथेही मध्यस्थ निकाल देत नाहीत, बोलणं आणि ठरवणं वाद असलेल्यांकडेच ठेवतात. तुम्ही निकाल दिला असता, तर आमच्यापैकी एक जण तो घेऊन दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून फिरला असता.

ठरलं ते साधंच: पाळी बदलताना दहा मिनिटं समोरासमोर बोलायचं, उरलेलं काम नोंदवहीत लिहून दोघांनी सही करायची, अडचण आधी एकमेकांना सांगायची आणि तरीही सुटली नाही तरच वर कळवायची. "समजून घेऊ", "सहकार्य करू" अशी वाक्यं तुम्ही मसुद्यात राहू दिली नाहीत. कोण, काय, कधी एवढंच ठेवलंत. काही आठवड्यांनी पुन्हा बसून त्यातली एक गोष्ट बदललीही: सुट्टीच्या दिवशी नोंद कोणी करायची, हे आधी ठरवायचं राहून गेलं होतं.

आम्ही जिवलग मित्र झालेलो नाही आणि तशी गरजही नाही. काम नीट हातातून हातात जातं.

छळाच्या तक्रारी वगळून बाकीच्या वादांत, दोघांची तयारी असेल तर, लेखी तक्रारीआधी बाहेरच्या मध्यस्थाची सोय असावी, असा अर्ज आम्ही मनुष्यबळ विभागाला दिला आहे. त्यावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत. मंजुरी आली, तर पहिला फोन तुम्हालाच करू.

आपली कृतज्ञ,
एक कर्मचारी