पंप थांबण्याआधी ठरवा: बंद होणाऱ्या कोळसा खाणींच्या पर्यटनाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांतील कोळसा खाणींवर भू-पर्यटन सुरू करण्याबाबत.

महोदय,

खाण दाखवून पर्यटक येतात का, ही शंका आता उरलेली नाही. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आणि एमटीडीसी (राज्याचे पर्यटन विकास महामंडळ) यांनी २०१६ मध्येच सावनेर व गोंडेगाव इथे खाण पर्यटन सुरू केले. पण चालू खाण दाखवणे वेगळे आणि बंद झालेली दाखवणे वेगळे. चालू खाणीत हवा खेळती असते, पंप सुरू असतात, छत सैल झाले का हे कळावे म्हणून दर पाळीला कोणीतरी काठीने ठोकून त्याचा आवाज ऐकत असतो. खाण बंद झाली की हे सगळे एकदम थांबते.

म्हणून मागणी एकच आहे. एखादी खाण पर्यटनासाठी राखायची की नाही, हे ती बंद होण्याच्या किमान तीन वर्षे आधी ठरवा आणि तिच्या माइन क्लोजर प्लॅनमध्ये (खाण बंद करण्याच्या आराखड्यात) तसे लिहून घ्या. नंतर केलेली घोषणा कागदावरच राहील, कारण तोवर आत दाखवण्यासारखे काही शिल्लक नसते.

वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाणी धरून ठेवणारा दगड आहे. पंप थांबला की सगळ्यात खालच्या गॅलऱ्या (खाणीतले बोगदे) आधी बुडतात आणि पाणी हळूहळू इन्क्लाइनच्या, म्हणजे आत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या, तोंडाकडे चढते. लाकडी टेकू कुजतात, छतात ठोकलेले रूफ बोल्ट गंजतात, छत सुटते. रूळ, केबल, हॉलेजचे (डबे ओढणारे) इंजिन भंगारात जाते. शेवटी नियमाप्रमाणे इन्क्लाइन आणि शाफ्ट (खाणीची उभी विहीर) यांची तोंडे बुजवली जातात. अशी खाण पुन्हा उघडणे म्हणजे जवळजवळ नवी खाण काढणे. जुन्या पोकळ्या किती बेभरवशाच्या असतात ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसने पाहिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले. जुन्या भूमिगत खाणीचा नकाशा आणि वरच्या वस्तीचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय वाहनतळाचीही जागा ठरवू नका.

जमिनीखाली पर्यटक नेण्याजोगी खाण तीन जिल्ह्यांत मिळून एखादीच निघेल, आणि एक पुरे. पोलंडमधली विएलिच्काची मिठाची खाण १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत होती. तिथेही पर्यटकांचा मार्ग एकूण बोगद्यांच्या जेमतेम दोन टक्के आहे. आपल्याकडे कोळसा आहे, म्हणजे मिथेन आणि आपोआप पेटण्याची शक्यता दोन्ही आहेत. तेव्हा मार्ग अडीचशे-तीनशे मीटरपेक्षा लांब नको. तो ताजी हवा आत येते त्या इन्क्लाइनजवळच असावा आणि त्याला दुसरी स्वतंत्र वाट असावी. बाकी सगळा भाग पक्क्या भिंती बांधून वेगळा करायचा. त्या भिंतींमागे पाणी साठते, म्हणून प्रत्येक भिंतीत झडपेचा नळ ठेवायचा आणि त्यावर दाबमापक बसवायचा.

एक गोष्ट खाणवाले जाणतात, पण पर्यटनाच्या आराखड्यात ती सुटून जाण्याची भीती आहे. बंद केलेला गोफ, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेली पोकळी, श्वास घेतो. बाहेर हवेचा दाब वाढला की तो हवा ओढतो, दाब उतरला की आतली कुजकी, प्राणवायू कमी असलेली हवा भेगांतून बाहेर सोडतो. वळवाच्या पावसाआधी दाब झपाट्याने उतरतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीतली गर्दीही नेमकी तेव्हाच असते. म्हणून खाणीच्या तोंडावर वायुभारमापक हवा आणि काटा घसरू लागला की फेरी रद्द करण्याचा अधिकार तिथल्या ओव्हरमनला (पाळीवरच्या देखरेख अधिकाऱ्याला) हवा. त्यासाठी मुंबईला फोन करावा लागू नये. प्राणवायू १९ टक्क्यांखाली किंवा कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की आत कोणीही जाणार नाही. या मर्यादा खाण कामगारांसाठी आहेतच, पाहुण्यांसाठी त्या सैल करता येणार नाहीत.

एका फेरीत वीसच माणसे, पुढे एक आणि मागे एक मायनिंग सरदार (खाणीतला सुरक्षेची तपासणी करणारा मुकादम). आत जाताना प्रत्येकाला नंबरचा बिल्ला द्यायचा आणि बाहेर येताना तो फळ्यावर परत टांगायचा. एक खिळा रिकामा दिसला तर पुढची फेरी सुटत नाही. काडेपेटी, लायटर, मोबाइल वरच ठेवायचे. मोबाइलवरून वाद होणार, हे गृहीत धरा. सेल्फीसाठी वर जमिनीवर हुबेहूब गॅलरी बांधून द्या. शाळकरी मुले, दम्याचे रुग्ण, वयस्कर मंडळी यांना तीच दाखवावी. खरे तर बहुतेक खाणींना एवढी नकली गॅलरीच पुरेल.

खुल्या खाणींचा धोका वेगळा आहे. तळाशी साठलेले निळेशार पाणी पाहिले की बोटिंग सुचते. खाणीचा खड्डा तलावासारखा उतरता नसतो. काठावरून पाय घसरला की सरळ खोल पाणी, आणि वर चढायला धरायला काही नाही. बोट सोडायचीच असेल तर खाणीतून यंत्रे जाईपर्यंत एका बाजूचा काठ चारास एक उताराने दोन मीटर खोलीपर्यंत कापून घ्या. ज्या डोझरने हे एरवी थोडक्या दिवसांत होते, तो निघून गेल्यावर त्यासाठी वेगळी निविदा काढावी लागते. पाण्याचा सामू (पीएच), लोह, सल्फेट आणि फ्लोराइड मे आणि सप्टेंबर असे वर्षातून दोनदा तपासा. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार घट्ट होतात, पावसाळ्यानंतर ढिगाऱ्यांवरून धुऊन आलेले उतरते.

कड्यावरच्या दर्शनस्थळाचे कुंपण कडेला लावू नका. कडेला समांतर जाणारी बारीक भेग ही कडा सुटण्याची पहिली खूण असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकायची आणि दर आठवड्याला टेपने अंतर मोजून वहीत लिहायचे. अंतर वाढू लागले की दर्शनस्थळ बंद. जून ते सप्टेंबर ते तसेही बंदच ठेवावे. काचेचा पूल मात्र कृपया नको. शिवाय मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या वेड्या बाभळीत वाघ राहतात, हे चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या लोकांना विचारा. सूर्यास्त दाखवण्याची कल्पना या जिल्ह्यात वनविभागाला विचारल्याशिवाय मांडू नये.

पाहायला मात्र पुष्कळ आहे. खुल्या खाणीच्या भिंतीत सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा दलदलीतला कोळसा आणि त्यावरचा वालुकाश्म एका नजरेत दिसतो. चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडीच्या पाठीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात एकेकाळी बर्फ सरकत होता, याचा हा पुरावा आहे! यवतमाळ जिल्ह्यात शिबला इथे बेसॉल्टचे खांब आहेत, दक्षिणेला सिरोंच्याकडे वडधमचे जीवाश्म आहेत. खाण हे या वाटेवरचे एक ठिकाण असावे, एकमेव नव्हे. ओरखड्यांवर चालू देऊ नका. बाजूने लाकडी पायवाट आणि मराठी-गोंडी फलक एवढे बांधकाम तिथे पुष्कळ झाले.

जुन्या मँगनीजच्या बोगद्यांत किंवा नैसर्गिक गुहांत वटवाघळे असतील तर तोंड बुजवण्याआधी वर्षभर मोजणी करा. किडे खाणाऱ्या जाती साधारण १५ सेंटिमीटर अंतराच्या आडव्या गजांतून ये-जा करतात. फळे खाणारी मोठी वटवाघळे मात्र गजांचे दार सहसा स्वीकारत नाहीत. त्यांच्यासाठी तोंडापासून दूर, उघडे कुंपणच बरे.

आता पैसा. बांधकामाला तो मिळतो, चालवायला मिळत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याचे अभ्यागत केंद्र वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडले, हे आपल्या खात्याला सांगायची गरज नाही. भूमिगत मार्गाचा पंखा आणि पंप तर पर्यटक नसलेल्या दिवशीही चालवावे लागतात. म्हणून या विजेचे स्वतंत्र लेखाशीर्ष पहिल्या दिवसापासून हवे. काठ कापणे, भिंती बांधणे, छताला आधार देणे ही सुरक्षिततेची कामे क्लोजर प्लॅनच्या एस्क्रो खात्यातून (खाण बंद करण्याच्या खर्चासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून) व्हावीत. मार्गदर्शकांचे प्रशिक्षण जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करता येईल, कारण कौशल्य विकास त्याच्या प्राधान्य यादीत आहे. मार्गदर्शक म्हणून निवृत्त सरदार आणि ओव्हरमन घ्या. छताचा आवाज त्यांना कळतो.

जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज (कोळसा असलेल्या जमिनींच्या संपादनाच्या) कायद्याने संपादित झाली असेल, तर लेखी भाडेपट्ट्याशिवाय एक खांबही रोवू नका. भूमिगत प्रवेशाला खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागेल. त्यांना उद्घाटनाच्या आदल्या महिन्यात नव्हे, मार्ग आखतानाच बोलवा.

या अधिवेशनापूर्वी आपण वेकोलिकडून एकच कागद मागवावा: येत्या पाच वर्षांत बंद होणाऱ्या खाणींची यादी. त्यात प्रत्येक खाणीपुढे पंप कधी थांबणार ती तारीख, तोंडे बुजवण्याची तारीख आणि एस्क्रोतील शिल्लक असावी. यादी मिळाल्यास आम्ही स्थळपाहणीला स्वखर्चाने येऊ.

आपले,
भूशास्त्र, खाण सुरक्षा आणि ग्रामीण पर्यटन या क्षेत्रांत काम करणारे विदर्भातील नागरिक

प्रत माहितीसाठी: मा. खनिकर्म मंत्री, जिल्हाधिकारी, चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर