आडनाव ऐकलं की रूम जाते, याची तक्रार कुठं करायची?

संपादक साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला, एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर झालोय. पेपरला पहिल्यांदाच लिहायलोय, चूकभूल असंल तर सांभाळून घ्या पण छापा नक्की.

माझी पोरगी छत्रपती संभाजीनगरला एलएलबी करती. जूनमधी तिच्यासाठी रूम बघायला दोघं गेलो. फोनवर सगळे गोड बोलायचे, या बघून घ्या, पाणी आठ दिवसाला येतं पण टाकी मोठी आहे, मुलगी एकटी राहिली तरी टेन्शन नाही, वगैरे. दारात गेलं की पहिला प्रश्न आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर गाव कोणतं, मग गावात घर कोणत्या बाजूला. आम्ही खरं ते सांगितलं. मालकीणबाई आत गेल्या अन बाहेर येऊन म्हणल्या, अहो आत्ताच ह्यांचा फोन आला, रूम दुसऱ्याला दिली. पोरगी तिथं काहीच बोलली नाही. खाली टपरीवर चहा घेताना तिनं मैत्रिणीला त्याच नंबरवर फोन करायला लावला, मैत्रिणीचं आडनाव वेगळं. रूम रिकामीच होती, लगेच या म्हणले. असं चार घरी झालं.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथला माणूस नीट बोलला, पण म्हणला, काका, ते जातीवरून काही बोल्ले का? नाही ना, मग मी लिहू काय.

पोरीनं मला कायदा दाखवला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कलम ४ मधी राहायच्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे, अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवलं तर गुन्हा आहे. म्हणजे कायदा आहे, ७० वर्षांपासून आहे, कोर्टात गेलं तर कारण अस्पृश्यताच धरून चालतात, पण आधी अडवलं हे तर आपल्यालाच दाखवावं लागतं, अन मालक नाही म्हणतच नाही, तो फक्त दिली म्हणतो. पुरावा आणायचा कुठून?

न्यूयॉर्क शहरात यासाठी शहराचा स्वतःचा मानवी हक्क आयोग आहे. तिथं १९५७ लाच वंश अन धर्म बघून खाजगी घर नाकारायला बंदी आली, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. अन आमच्या पोरीनं टपरीवर जे केलं तेच हा आयोग सरकारी पद्धतीनं करतो, एकाच घरासाठी दोन वेगवेगळी माणसं पाठवतो, कोणाला काय उत्तर मिळालं ते लिहून घेतो अन तोच पुरावा होतो. मुद्दाम भेदभाव केला असं ठरलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सिएटल शहरानं तर फेब्रुवारी २०२३ मधी जातीवरून भेदभावाला बंदी घातली, तो ठराव मांडणारी नगरसेविका क्षमा सावंत आपल्या पुण्यात जन्मलेली. जात इथली, तिच्यावर शहरानं कायदा करायचा तो सातासमुद्रापार, हे वाचून मला रात्री झोप आली नाही.

आपल्याकडं राज्य मानवी हक्क आयोग आहे, तो मुंबईला. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर बसून गेलं तरी तिथं मुख्य विषय सरकारी नोकरानं केलेल्या अन्यायाचा, घरमालकाचा नाही. अन महापालिका म्हणती हे आमचं काम नाही. पण ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली त्यात दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हे शहराच्या कामात लिहिलेलंय, रस्ते अन पाणीपुरवठ्याच्या सोबतच.

मी सातवीत होतो तेव्हा, १९७८ ला, संभाजीनगरच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या वादावरून मराठवाड्यात आमच्या दलित लोकांची घरं जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० ला कॉलेज काढलं ते आमची लेकरं शिकावीत म्हणून, अन आज तिथं शिकायला आलेल्या लेकराला राहायला चार भिंती मिळंनात.

अन हे फक्त आमच्यापुरतं नाही. माझ्यासोबतच्या ड्रायव्हरचं पोरगं मुस्लिम आहे, इंजिनिअर आहे, त्याला आमच्याच गल्लीत रूम नाकारली तेव्हा मी गप बसलो होतो, ते मला आता लागतंय. त्याला तर १९५५ चा कायदाबी उपयोगाचा नाही. नवऱ्यानं सोडलेल्या बाईचं तेच. तृतीयपंथी लोकांसाठी २०१९ च्या कायद्यात भाड्याच्या घराचा हक्क लिहिलाय, पण तो घेऊन जायचं कोणाकडं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच की संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना या महापालिकांनी आपापला एक आयोग नेमावा, पाच-सात माणसं, त्यात बाया पाहिजेत, मुस्लिम, दलित, भटके, अपंग पाहिजेत. वॉर्ड ऑफिसात तक्रारीची खिडकी. दंडाचा अधिकार कायदा मिळंल तेव्हा मिळंल, तवर दोघांना समोर बसवून बोलता येतं, दोन माणसं पाठवून खरंखोटं करता येतं अन ठाण्यात दाखवायला सही-शिक्क्याचा कागद देता येतो. वर्षाला किती तक्रारी आल्या ते जाहीर करावं, म्हणजे असं काही होतच नाही म्हणणाऱ्यांना आकडा दिसंल.

पोरगी सध्या कॉलेजपासून लांब एका नातेवाईकाकडं राहती, दोन सिटी बस बदलून जाती. तिनं एक वही केलीय, त्यात चारही घरांची नोंद आहे, तारीख, वेळ, मालक काय बोलला, मैत्रिणीला काय बोलला. आयोग झाला की पहिल्या दिवशी ती वही मी स्वतः नेऊन देणार.

— एक रिटायर्ड कंडक्टर, परभणी जिल्हा