थंड गॅस आणि काकूंचं ऑपरेशन

रामबाग, इंदूर
१२ जानेवारी

प्रिय मंजू,

काकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून होणार म्हटल्यावर तू रात्रभर मोबाइलवर वाचत बसणार, हे ठाऊकच होतं. ‘पोटात थंडगार गॅस भरतात, आई गारठेल, गॅस गरम करायचं मशीन असलेलं हॉस्पिटल बघ’ हे वाचून हसले, मग ओशाळले. भुलीच्या कामाला लागले तेव्हा मीही हेच म्हणायची. ऑपरेशननंतर एका बाईंचे दात कडकड वाजायला लागले, तर मी सगळं खापर सिलिंडरवर फोडून मोकळी!

नंतर एकदा बसून हिशेब केला. नळीतून पोटात शिरेपर्यंत हा गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खोलीइतकाच, २०-२१ अंशांचा होतो. असा १०० लिटर गॅस ३७ अंशांवर न्यायला शरीराची जेमतेम अडीच किलोज्यूल उष्णता जाते. खोड आहे ती त्याच्या कोरडेपणात. पोटातल्या अस्तराचं पाणी तो शोषतो, त्या वाफेपायी आणखी दहा-अकरा जातात. कोरडाच गॅस नुसता तापवून काय साधणार? आणि साठ किलोचं माणूस एक अंशाने गार व्हायला दोनशेच्या वर किलोज्यूल जावे लागतात, बाई!

गारठवतो आम्हीच. भुलीने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पोटाछातीतली ऊब हातापायांत पसरते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान अंशभर उतरतं. त्यात थिएटरचा एसी. ३६ च्या खाली गेलं की हुडहुडी, रक्तस्राव, जखम चिघळायची भीती. गरम आणि दमट गॅसने तापमान किंचित कमी उतरतं खरं, पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात त्याने रोग्याचं काही विशेष भलं झालेलं दिसलं नाही.

तेव्हा मशीनचं सोड. भूलतज्ज्ञांना एवढंच विचार: भूल द्यायच्या आधीपासून गरम हवेचं पांघरूण घालाल का? सलाइन कोमट असेल का?

दुसऱ्या दिवशी काकूंचा खांदा दुखला तर घाबरू नकोस. गॅसने छाती आणि पोट यांमधला पडदा चिडतो, आणि त्याची नस मानेतून खांद्याच्या नसांच्या शेजारूनच निघते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत थांबतं.

येताना त्यांचे लोकरी मोजे आण. आणि या खेपेला त्यांच्यासमोर सराफ्याच्या खाऊगल्लीचं नाव काढू नकोस. मागच्या वेळी तिथले तळलेले गराडू कुणी खाऊ घातले, ते मला माहीत आहे.

तुझी,
शैला